गाडी सुरू होत नाही? आधी तिचा आवाज ऐका

 

पापड, लोणची, शेळीपालन, कर्जाचे हप्ते यांवर आपण पुष्कळ बोललो. आज बोलू गाडीवर. आपल्या गटांकडे आता गाड्या आल्या आहेत. कुणी भाजीसाठी छोटा हत्ती घेतला, कुणी दुधाच्या कॅनसाठी जुनी पिकअप घेतली, कुणी मुलींना शाळेत सोडायला व्हॅन चालवतं. गाडीच्या कागदावर गटाच्या ताईचं नाव आहे, कर्जाचा हप्ता गट भरतो. पण सकाळी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली नाही, की आपण सगळ्या बाजूला उभ्या राहतो आणि कुणीतरी दादा येण्याची वाट बघतो. तोवर क्रेटमधला टोमॅटो तापत असतो, दूध नासायला लागतं, आणि बाजारात पहिला भाव निघून जातो.

आम्ही काही फिटर नाही आणि तुम्हालाही फिटर करायचं नाही. पण ताप आलेल्या लेकराला दवाखान्यात नेताना आई सांगते ना, ताप कधीपासून आहे, खोकला कोरडा आहे की ओला? तसंच गाडीचं सांगता आलं पाहिजे. पुष्कळ वेळा दुखणं साधं असतं आणि दहा नंबरच्या पान्याने जागेवर बरं होतं. उरलेल्या वेळी काय झालंय हे नीट सांगता आलं, तर फिटर योग्य सामान घेऊन येतो आणि आपल्याकडून नको त्या वस्तूचे पैसे जात नाहीत. वही-पेन घेऊन बसा.

किल्ली फिरवली की आत काय होतं?

पूर्वी गाडीला पुढून लोखंडी हँडल मारावं लागायचं. अंगात बळ असेल तरच इंजिन फिरायचं आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनिअरने तयार केलेली विजेची मोटर बसवली गेली आणि हँडल सुटलं. तीच मोटर म्हणजे आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो ती. बायकांना गाडी चालवणं सोपं झालं त्यात या मोटरचा मोठा हात आहे.

या सेल्फला वीज देते बॅटरी. ती आपल्या गटाच्या हिशोबाने समजून घेऊ. बॅटरी म्हणजे गटाच्या पेटीतली शिल्लक. गाडी सुरू करताना सेल्फ एकदम मोठी उचल घेतो. छोट्या गाडीचा सेल्फ सहज शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. हेडलाइटचा एक बल्ब चार-साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे तीसेक हेडलाइट एकदम लावल्यासारखी ती उचल असते. ती फक्त दोन-तीन सेकंदांची असते. मग इंजिन चालू झालं की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर, ज्याला गॅरेजात डायनामो म्हणतात, तो हप्त्याहप्त्याने पेटी पुन्हा भरतो.

आता तुम्हीच सांगा, पेटी रिकामी कधी होते? एक, उचल झाली पण हप्ता आलाच नाही, म्हणजे डायनामो भरत नाही. दोन, कुणाच्या नकळत रोज थोडे थोडे पैसे जातात, म्हणजे रात्रभर दिवा चालू राहिला. तीन, पेटीच जुनी होऊन फुटली, म्हणजे बॅटरीचं वय झालं. आणि चौथी गोष्ट, पेटीत पैसे आहेत पण कुलूप गंजलं म्हणून हात पोचत नाही, म्हणजे टर्मिनल सैल किंवा खार चढलेलं. गाडी सुरू न होण्याची बहुतेक कारणं या चारांत येतात.

हात लावण्याआधी

गाडी न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा, किल्ली काढून खिशात ठेवा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी वर बांधा. हातातली धातूची बांगडी, अंगठी आणि गळ्यातलं लोंबणारं मंगळसूत्र काढून रुमालात बांधा. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये सोन्याची किंवा लोखंडाची वस्तू आडवी पडली, तर ती क्षणात लालबुंद होते आणि कातडी भाजते.

बॅटरीत गंधकाम्ल असतं आणि चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून जवळ बिडी, काडी, कंदील काही नको. पाणी बघायला काडी पेटवणारे आजही आहेत, त्यांना हाताला धरून बाजूला करा. आम्ल अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा. डोळ्यात गेलं असेल तर धुऊन झाल्यावर दवाखाना गाठाच.

इंजिन चालू असताना पट्ट्याजवळ हात नेऊ नका. पुष्कळ गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरतो, तेही लक्षात ठेवा.

गाडीचे पाच आवाज

आता मुख्य गोष्ट. एक ताई किल्ली फिरवेल, दुसरी समोर उभी राहून हेडलाइट बघेल, तिसरी कान देईल. हेडलाइट लावून ठेवा आणि मग सेल्फ मारा. काय दिसलं आणि काय ऐकू आलं यावरून निवाडा होतो.

पहिला प्रकार. काहीच नाही. आवाज नाही, मीटरवरचे दिवे नाहीत, हॉर्न नाही. म्हणजे वीजच येत नाही. बॅटरीचं टर्मिनल निघालेलं असेल, बॅटरी पूर्ण उतरलेली असेल, किंवा बॅटरीजवळचा मोठा फ्यूज उडालेला असेल. सुरुवात टर्मिनल हाताने हलवून करा.

दुसरा प्रकार. टक-टक-टक-टक असा भराभर आवाज येतो आणि हेडलाइट मिणमिणते होतात. किंवा इंजिन दमलेल्या बैलासारखं एक-दोनदा ‘घुर्र... घुर्र...’ करून थांबतं. ही बहुतेक वेळा उतरलेल्या बॅटरीची किंवा खराब टर्मिनलची खूण. थंडीत हेच जास्त दिसतं, कारण गारठ्याने बॅटरीचं बळ कमी होतं आणि इंजिनातलं ऑइलही घट्ट होतं. खरं तर बॅटरी आतून झिजते ती उन्हाळ्याच्या उष्णतेने. तिचं दुखणं मात्र पौष-माघात सकाळी बाहेर पडतं.

तिसरा प्रकार. हेडलाइट झगझगीत आहेत, कमी होत नाहीत, पण एकदाच ‘टक्’ होऊन पुढे काही नाही. बॅटरी ठीक आहे, पण सेल्फ फिरत नाही. सेल्फच्या मागची जाड वायर सैल असेल किंवा सेल्फमध्ये दोष असेल. इथे नवीन बॅटरी घालून काही उपयोग नाही. हे वाक्य वहीत अधोरेखित करा.

चौथा प्रकार. दिवे झगझगीत, पण ‘टक्’सुद्धा नाही. किल्लीचा हुकूमच सेल्फपर्यंत जात नाही. नव्या पुष्कळ गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, ते आधी बघा. मीटरवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकत असेल, तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून बघा. मग सेल्फचा फ्यूज बघा.

पाचवा प्रकार. इंजिन जोरात फिरतंय, ‘घर्र-घर्र-घर्र’, पण पेट घेत नाही. म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही चांगले आहेत. दोष आहे इंधनात किंवा पेटवण्यात. हसू नका, पण आधी टाकीत डिझेल आहे का ते बघा. काटा अडकूनही चुकीचं दाखवतो. डिझेल पूर्ण संपून गाडी बंद पडली असेल, तर नुसतं डिझेल ओतून ती चालू होईलच असं नाही. नळीत हवा शिरते, ती काढावी लागते. डिझेल गाडीत किल्ली अर्धी फिरवल्यावर स्प्रिंगसारख्या वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबा आणि मग सेल्फ मारा. इंजिनच्या आत तापवायची कांडी असते, तिला तेवढा वेळ लागतो. पेट्रोल गाडीत पेट्रोल पंपाचा फ्यूज बघा आणि पुढचं काम फिटरला द्या.

कुठल्याही प्रकारात सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. सलग मारत राहिलं तर सेल्फ तापतो आणि होती ती बॅटरीही उतरते.

टर्मिनल साफ कसं करायचं?

बॅटरीला दोन टोकं असतात. अधिकचं चिन्ह असलेलं लाल, उणेचं चिन्ह असलेलं काळं. तिथे पांढरा-हिरवट खार चढतो. वरून क्लँप घट्ट दिसतो, पण आत वीज जायला वाटच नसते. क्लँप हाताने फिरत असेल तर तो सैल आहे. तो हाताने अजिबात हलायला नको.

काम असं करा. गाडी बंद, सगळे दिवे बंद. आधी काळी वायर काढा, मग लाल. एक वाटी कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला आणि जुन्या टूथब्रशने टोकं घासा. फेस येईल, घाबरू नका, सोडा आम्ल मारतो. बॅटरीच्या झाकणांतून सोड्याचं पाणी आत मात्र जाऊ देऊ नका. मग ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, पॉलिश पेपरने टोक आणि क्लँपची आतली बाजू चमकवा. आता आधी लाल बसवा, मग काळी. पान्याने घट्ट करा आणि वरून थोडं व्हॅसलीन लावा. खार लवकर चढत नाही.

हा क्रम का? गाडीची सगळी बॉडी काळ्या टोकाला जोडलेली असते. काळी वायर लावलेली असताना लाल टोकावरचा पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. काळी आधी काढली की हा धोका राहत नाही. तोंडपाठ करा: काळी आधी सुटते, काळी शेवटी बसते.

आमच्या भागातल्या एका गटाची पिकअप अशीच बाजाराच्या वाटेवर बंद पडली. गाडीत टोमॅटोचे क्रेट होते. ओढून नेली ती तालुक्याच्या एका दुकानात. दुकानदार गटाच्या अध्यक्ष ताईंकडे न बघता ड्रायव्हरला म्हणाला, “भाऊ, बॅटरी गेली. नवीन टाका.” पाच-सहा हजारांचा विषय. ताई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, “दादा, गाडी आमच्या गटाची आहे. आधी मीटर लावून आम्हाला दाखवा.” मीटरवर बॅटरी भरलेली निघाली. काळा क्लँप खाराने खाल्ला होता. घासून घट्ट केला, गाडी चालू झाली. त्या दिवशी वाचलेल्या पैशांपेक्षा मोठी गोष्ट ही, की पुढच्या वेळी तोच दुकानदार ताईंशी बोलला.

पाणी आणि मीटर

ज्या बॅटरीला वर सहा झाकणं असतात तिचं पाणी महिन्यातून एकदा बघा, उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी. बाजूला दोन रेषा असतात. पाणी दोन्हींच्या मध्ये हवं. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं, बोअरचं, नळाचं, फिल्टरचं पाणी नको, त्यातले क्षार बॅटरीच्या प्लेट खराब करतात. आणि वरून आम्ल कधीच घालायचं नाही. आटतं ते पाणी, आम्ल नाही. काही बॅटऱ्या बंद असतात, त्यांची झाकणं उघडायची नाहीत.

आता मीटर. विजेच्या दुकानात काहीशे रुपयांत साधा डिजिटल मीटर मिळतो. चार-पाच गटांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. डीसी व्होल्टच्या २० वर काटा ठेवा. लाल टोक लालला, काळं टोक काळ्याला. आकडे लिहून घ्या.

गाडी रात्रभर उभी असताना १२.६ च्या आसपास दाखवत असेल, तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली, तिला चार्जिंग हवं.

सेल्फ मारताना आकडा खाली जातो, ते बरोबर आहे. पण तो साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी अशक्त झाली आहे.

इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.८ ते १४.५ हवा. १२ च्याच आसपास राहिला, तर डायनामो हप्ता भरत नाही. अशा वेळी नवीन बॅटरी घातली तर तीही दोन दिवसांत उतरेल. १५ च्या वर गेला, तर तो जास्त भरतोय, बॅटरी उकळेल. दोन्ही वेळा इलेक्ट्रिशियनकडे जायचं.

बॅटरी घेताना दुकानदाराला तीन गोष्टी सांगा. जुनी आधी चार्ज करून लोड टेस्ट करून दाखवा, डायनामोचं चार्जिंग मोजून दाखवा, आणि पक्कं बिल व वॉरंटी कार्डावर तारीख घाला. चांगली सांभाळलेली बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं जाते. जुनी बॅटरी दुकानात परत द्या, तिचे पैसे बिलातून कमी होतात. घरी फोडू नका, भंगारात फोडायला देऊ नका. तिच्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे.

रस्त्यात अडकलो तर

बॅटरी उतरली आहे आणि दुसरी गाडी जवळ आहे, तर जंपर वायर लावता येते. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या हव्यात. मोठ्या ट्रकच्या आणि एसटी बसच्या यंत्रणा २४ व्होल्टच्या असतात, त्यांना जोडलं तर आपल्या गाडीची वायरिंग जळेल. ट्रॅक्टर बहुतेक १२ व्होल्टचे असतात, तरी बॅटरीवर वाचून खात्री करा.

दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू देऊ नका. दोन्ही बंद ठेवा. क्रम असा: लाल उतरलेलीला, लाल भरलेलीला, काळी भरलेलीला, आणि शेवटची काळी आपल्या इंजिनाच्या रंग नसलेल्या जाड लोखंडाला, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, ती बॅटरीच्या वायूजवळ नको म्हणून हे अंतर. मग मदतीची गाडी चालू करा, चार-पाच मिनिटं थांबा आणि आपली चालू करा. काढताना उलट क्रमाने. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळणारी असेल तर जंपर लावायचाच नाही.

धक्का मारून चालू करणं आपल्याकडे नेहमीचं. तेही नियमाने करा. गिअरची गाडी असेल तरच. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच पूर्ण दाबलेला. सगळ्यांनी मागूनच ढकलायचं, पुढे कुणी नाही. वेग आला की क्लच झटक्याने सोडायचा, इंजिनाने पकड घेतली की लगेच दाबायचा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, म्हणून घाटात, उतारावर आणि रहदारीत हे करू नका. नव्या गाड्यांत बॅटरी अगदी मेलेली असेल तर धक्क्यानेही चालू होत नाही, कारण त्यांच्या पंपाला आणि कॉम्प्युटरला थोडी तरी वीज लागते.

चालू झाल्यावर लगेच बंद करू नका. अर्धा-पाऊण तास गाडी चालवा. नुसती जागेवर फुरफुरत ठेवली तर बॅटरी फार थोडी भरते.

आणि चालत्या गाडीत बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला तर? डायनामो बंद पडला किंवा त्याचा पट्टा तुटला. टेप, पंखा, नको ते दिवे बंद करा आणि इंजिन बंद न करता गॅरेज गाठा. मात्र त्याच वेळी गाडी तापायला लागली, तर बाजूला घेऊन लगेच थांबा. पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

फ्यूज आणि दिवे

एक हेडलाइट गेला तर बल्ब बघा. दोन्ही गेले तर फ्यूज किंवा रिले बघा. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकत असेल, तर त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो.

फ्यूजची पेटी स्टिअरिंगखाली किंवा बॉनेटमध्ये असते. कुठला फ्यूज कशाचा, हे झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. चिमट्याने ओढून उजेडात धरा, आतली तार तुटलेली दिसेल. नेहमीच्या पात्याच्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवा: लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. ज्या रंगाचा काढला त्याच रंगाचा घाला. फ्यूज नाही म्हणून तांब्याची तार किंवा चांदीचा कागद कोंबतात. ते कधीही करू नका. फ्यूज स्वतः तुटून वायर वाचवतो. तो तुटलाच नाही तर वायर पेटते आणि मग गाडी पेटते.

नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर घासून बॉडीला लागली आहे. आपल्याकडे याचं एक मोठं कारण म्हणजे उंदीर. धान्याच्या कोठीजवळ, कडब्याच्या गंजीपाशी उभ्या गाडीत ते घर करतात आणि वायर कुरतडतात. बॉनेट उघडून लेंड्या, कापूस, शेंगांची टरफलं दिसतात का ते बघत जा. गाडीत धान्य सांडू देऊ नका.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर आधी स्वतःच्या सवयी तपासा. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ अँपिअर घेतात. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी चार तासांत संपते. टपावरचा दिवा, मोबाइलचा चार्जर, बाहेरून बसवलेला टेप, मागच्या दाराचा दिवा, सगळं बंद करून किल्ली काढा. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल, तर काळी वायर काढून ठेवा.

आपण काय उघडायचं नाही

सेल्फ आणि डायनामो आतून उघडायचे नाहीत. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावायचा नाही. विजेवर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांमधल्या नारिंगी जाड वायरी जिवाशी खेळ आहेत, तिथे फक्त कंपनीचा माणूस. जळका वास किंवा धूर आला तर किल्ली बंद करा, सगळ्यांना लांब करा, मग फोन.

फोनवर काय सांगायचं?

फिटरला “गाडी चालू होत नाही, लवकर या” एवढंच सांगितलं, तर तो अंदाजाने येतो. त्याऐवजी पाच गोष्टी सांगा. गाडी कुठली आणि डिझेल, पेट्रोल की सीएनजी. सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो. त्या वेळी हेडलाइट मंद होतात की नाही. टर्मिनल बघितलं का, मीटरवर आकडा किती आला. आणि आदल्या दिवशी काय झालं होतं: दिवा लागला होता, डिझेल संपलं होतं, पाण्यातून गेली होती.

जसं बैठकीचं प्रोसिडिंग लिहितो, तशी गाडीची एक वही ठेवा. बॅटरी कधी घेतली, पाणी कधी घातलं, कुठला फ्यूज उडाला, किती पैसे गेले. तीन महिन्यांत तोच फ्यूज दोनदा उडालेला वहीत दिसला, की दोष कुठे शोधायचा ते कळतं. आणि दर महिन्याला बॅटरी ‘गेली’ असं सांगणाऱ्यालाही वही दाखवता येते.

सीटखाली एक पिशवी ठेवा. दहा नंबरचा पाना, पक्कड, जुना टूथब्रश, पॉलिश पेपर, सोड्याची पुडी, व्हॅसलीनची डबी, चार रंगांचे फ्यूज, टॉर्च आणि जंपर वायर.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. गाडी दारात आणा, बॉनेट उघडा, आणि प्रत्येकीने बॅटरी कुठे, फ्यूजची पेटी कुठे आणि पट्टा कुठे हे बोटाने दाखवा. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांनीही दाखवायचं. हप्ता त्यांचाही आहे. एकीने सेल्फ मारावा, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावा. चांगल्या गाडीचा आवाज एकदा कानात बसला, की बिघडलेला आवाज आपोआप ओळखू येतो.